अडकलेला रिपोर्ट

मंचरच्या ज्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर आणि मेल सर्व्हर सांभाळतो, तिथं एका सकाळी पिंपरी पेंढारच्या एक बाई आल्या. नवऱ्याच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट लॅबनं मेलनं पाठवला होता, पण डॉक्टरांना तो मिळालाच नव्हता. मी शोधायला लागलो, तशा त्या शेजारच्या स्टुलावर टेकल्या आणि नकळत पदराच्या टोकानं माझं टेबल पुसत राहिल्या.

रिपोर्ट स्पॅममध्ये पडला होता. जाहिराती थांबवायला सर्व्हरवर एक नियम घातलेला होता, ‘फ्री’ हा शब्द दिसला की मेल अडवायचा. आणि लॅबनं लिहिलं होतं, ‘कॅन्सर-फ्री’.

“सापडला,” मी म्हणालो. “एका शब्दामुळं अडवला गेला होता.”

पुसणारा हात थांबला. “वाईट शब्द हाय का, भाऊ?”

रिपोर्ट सांगणं माझं काम नव्हतं. “डॉक्टरच सांगतील,” एवढंच म्हणालो, पण हसू काही लपलं नसावं. माझ्या तोंडाकडं बघतच त्या उठल्या.

थोड्या वेळानं परत आल्या तेव्हा डोळे ओले होते.

“साधी गाठ हाय म्हनले.” मग त्यांनी स्क्रीनकडं बोट केलं. “यात आजून कुनाचं अडकलं असंल तर तेबी बघा ना. आमच्या घरात कुनी धड जेवलं न्हाई, भाऊ.”

एवढं बोलून त्या गेल्या. नाव विचारायचं राहिलंच.

नियम काढून मी अडवलेले मेल एकेक उघडत बसलो. लॉटऱ्या आणि सेलच्या गर्दीत निमगाव सावाच्या एका आजोबांचा रिपोर्ट निघाला. मी डॉक्टरांना हाक मारली.