आप्पांनी रचलेला परतीचा मंत्र

इथं आपले अनुभव लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझं जरा वेगळं आहे. माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं... कारण मंत्र कसे तयार होतात ते मी लहानपणापासून बघत आलेय. ते आमच्या स्वयंपाकघरात तयार व्हायचे.

मी कोल्हापूरची. मंगळवार पेठेत राहते, ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते. माझे वडील, म्हणजे आप्पा, एका छापखान्यात प्रूफं वाचायचे. त्याच मालकाचं पुस्तकांचं दुकानही होतं आणि त्याचा सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे मंत्र-तंत्र, वशीकरण, जारण-मारण, उतारे-तोडगे असल्या छोट्या पुस्तिका. काळं-तांबडं कव्हर, त्यावर कवटी, घुबड आणि केस सोडलेली बाई. जोतिबाच्या यात्रेत त्यांचे ढीग लागायचे. लेखक म्हणून हिमालयातल्या कुठल्याशा महाराजांचं नाव असायचं. ते महाराज म्हणजे आमचे आप्पा. रविवारी दुपारी बनियनवर बसून ते मंत्र लिहायचे आणि आई समोर गवारी निवडत बसलेली असायची.

"शेवटी 'स्थिर' घेतलाय. वर काय बसेल गं?"

"'फिर' घ्या की," आई शेंग मोडता मोडता सांगायची.

उताऱ्याचं साहित्यसुद्धा आईच ठरवायची. "सात लिंबं कशाला? उन्हाळ्यात बायकांनी आणायची कुठनं? एकच लिहा."

पण एक गोष्ट आप्पा कधीच लिहायचे नाहीत. कुणाचं वाईट व्हावं असा प्रयोग. मालकाला मूठ हवी असायची, करणी हवी असायची. आप्पा लिहायचे : शत्रूचं मन पालटण्यासाठी गुळाचा खडा घेऊन त्याच्या दारात जावं, मंत्र मनात म्हणावा आणि तो खडा त्याच्या हातात द्यावा. बायको वश होण्यासाठी नवऱ्यानं महिनाभर पहाटे उठून घरचं पाणी स्वतः भरावं, भरताना मंत्र म्हणावा. मालक वैतागायचे. "अहो, ह्यात रक्त कुठाय? हाडं कुठायत?"

"कव्हरवर हायत की," आप्पा म्हणायचे.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "आप्पा, हे खरं असतं?" ते म्हणाले, "ह्रीं-क्लीं तेवढं जुनं आहे. बाकी सगळं तुझ्या आईचं."

तर अशा घरातली मी. मैत्रिणी भुताच्या गोष्टी सांगायला लागल्या की मला गवारीच्या शेंगा आठवायच्या.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पा आमच्याकडं, म्हणजे माझ्याकडं आणि सुहासकडं — सुहास माझा नवरा, मुलगा शिकायला बाहेरगावी — राहायला आले. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायचे, मग जेवलो का ते, मग माझं नाव. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि फार आशा ठेवू नका असं चांगल्या शब्दांत सांगितलं. आप्पांना घराचा पत्ता सांगता येईना. कुठं राहता विचारलं की ते शाळकरी पोरासारखं खाली बघायचे. मला ते बघवायचं नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. मी कॉलेजात होते. दुपारी आप्पांचा डोळा लागला म्हणून त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या. खाली आल्या तर दार उघडं आणि कॉट रिकामी. त्यांचा फोन आला तेव्हा त्या रडतच होत्या.

मग काय काय केलं ते ज्यांच्या घरातलं माणूस असं हरवलंय त्यांना सांगायला नको. रंकाळा बघितला, बिंदू चौक बघितला, देवळाच्या आवारात बघितलं, एसटी स्टँडवर प्रत्येक फलाटावर जाऊन आलो. पोलीस ठाण्यात फोटो दिला. व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर टाकला, अंगात पांढरा सदरा, पायात काही नाही. होय, चपला दाराशीच होत्या. शोधताना मला सगळ्यात जास्त तेच छळत होतं.

दिवस कलायला लागला तशी हवेत गारठा यायला लागला. सुहास म्हणाला, "तू घरी थांब, कुणी आणून सोडलं तर घरात माणूस पाहिजे." तो गाडी घेऊन पुन्हा बाहेर पडला. मी घरात आले आणि नुसती उभी राहिले. काय करायचं तेच कळेना.

तेवढ्यात शेजारच्या मालनकाकू आल्या. त्यांच्या घरी म्हशी आहेत, आमचं दूध त्यांच्याकडचं. त्यांच्या हातात एक पुस्तिका होती, कव्हर गेलेलं, दोऱ्यानं शिवलेली.

"हे बघ पोरी, शिकल्या-सवरल्यांस्नी पटत न्हाई म्हाईत हाय मला. पर ह्यात हरवलेलं मानूस परत यायचा उतारा हाय. आमची म्हस चुकलती तवा सासूनं केलता. मी सांगायचं काम केलो, करायचं-न्हाई करायचं तुझं तू बघ."

मी पान बघितलं आणि मला हसू आलं, आणि हसता हसता रडायलाच आलं. ते पान मला पाठ होतं.

*वाट वाट मागं फिर, उंबऱ्याशी येऊन स्थिर.*

"काकू... हे आप्पांनी लिहिलंय. ते महाराज-बिहाराज कुणी नाहीत. आमच्या घरात बसून लिहिलंय. आई गवारी निवडत होती."

 काकूंनी पदर खोचला. "मग तर लईच झाक की! ज्यानं लिवलं त्यालाच लागू न्हाई व्हणार व्हय?"

मी पुस्तिका ओट्यावर उघडी ठेवली.

प्रयोग असा होता : उंबऱ्यावर दिवा लावायचा. हरवलेल्या माणसाच्या आवडीचं शिजवून त्याचं ताट वाढायचं — हे आईचं. जेवायलाच नसेल तर कोण कशाला परत येईल, असं तिचं म्हणणं. आणि मग दारात उभं राहून त्याला त्याच्या आईनं ज्या नावानं हाक मारली असेल त्या नावानं तीनदा हाक मारायची.

मी ते का केलं? विश्वास बसला म्हणून नाही. हातांना काम हवं होतं म्हणून. मी कांदा चिरला, पिठलं टाकलं, ज्वारीचं पीठ मळून भाकऱ्या थापायला बसले. आप्पांना पापुद्रा सुटलेली गरम भाकरी लागते. थापताना डोळ्यांतलं पाणी परातीत पडत होतं आणि काकू मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या.  

ताट वाढलं. दिवा लावला. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला नावच माहीत नाही.

आप्पांची आई ते अगदी लहान असताना वारली. तिचा फोटो नाही. आप्पा तिच्याबद्दल कधी बोलायचेच नाहीत. म्हणजे आई म्हणून एक शब्दही नाही. विचारलं तर उठून जायचे.

"कायतरी म्हन," काकू म्हणाल्या. "तूबी लेकराची आईच हाईस की. आईच्या तोंडानं म्हन."

मी उंबऱ्यात उभी राहिले. बोळात लोकांची ये-जा चालू होती, समोरच्या घरात टीव्ही लागलेला. लाज वाटत होती. 'बाळा' म्हणावं असं मनात ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं —

"भिंगऱ्याऽ..."

अंगात वगैरे काही आलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. आवाज माझाच होता. काटा नाही, वारं नाही, दिवाही हलला नाही. फक्त तो शब्द मी शोधलेला नव्हता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही तोच आला.

"भिंगऱ्या कोन गं?" काकूंनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

मी आत येऊन ताटासमोर बसले. पिठल्यावर अजून वाफ होती. आणि तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

भाजीचा रिकामा टेम्पो होता. ड्रायव्हर खाली उतरला, पलीकडच्या बाजूनं दार उघडलं आणि हाताला धरून आप्पांना उतरवलं. अंगावर त्या माणसाचा स्वेटर, पायात कुणाच्या तरी रबरी चपला. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. त्यांच्या सदऱ्याला कोथिंबिरीचा वास येत होता.

"ताई, हे तुमचंच म्हातारं का?" ड्रायव्हर म्हणाला. "पेठ वडगावात बाजारात बसलतं. दुपारधरनं. नाव इचारलं तर गप, गाव इचारलं तर गप. चा दिला तर त्योबी न्हाई. मी माल उतरून निघायच्या नादात, आन् हे एकदम उठलं की वो! म्हनलं, 'आई हाक मारायल्या, मला सोडतोस?' म्हटलं कुठं सोडू आजोबा? तर पेठ, बोळ, घर, सगळा पत्ता असा सांगितला, जनू रोजचं हाय!"

वडगावला ते कसे गेले, का गेले, आजही माहीत नाही. आमचं तिथं कुणीच नाही. त्या माणसाला मी जेवून जा म्हटलं, तर म्हणाला, "न्हाई ताई, माझीबी आई वाट बघत असंल," आणि गेला. आप्पा ताटावर बसले आणि कधी नव्हे ते दोन भाकऱ्या जेवले. सुहास आला तो चपला न काढताच आप्पांच्या शेजारी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या आत्याला फोन केला. ती नेसरीला असते, आप्पांपेक्षा मोठी, कानानं कमी पण डोक्यानं लख्ख. आप्पा सापडल्याचं सांगितलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, भिंगऱ्या म्हणजे कोण?"

आत्यानं उलट मलाच विचारलं.

"तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"कुणी नाही. कोण आहे?"

"तुझा बाप," आत्या म्हणाली. "एका जागी ठरायचा न्हाई, सारखा गोल गोल फिरायचा, म्हनून आई त्याला भिंगऱ्या म्हनायची. फकस्त आईच. ती गेली आन् एकदा कुनीतरी त्या नावानं हाक मारली, तर ह्यो आई आई करत रानभर पळत सुटला. लई उशिरानं घावला. मग बाबांनी सगळ्यांस्नी ताकीद दिली, हे नाव परत तोंडातनं काढायचं न्हाई. त्याला आता किती साल झाली... मीबी इसरलोतो गं." आणि ती फोनवर रडायला लागली.

सुहासचं म्हणणं असं की 'पायाला भिंगरी' हा शब्द माझ्या डोक्यात दुपारपासून घोळत असणार, त्याचं भिंगऱ्या झालं. असेल. त्यानं आणखी एक मुद्दा काढला, आणि तो मलाही मान्य करावा लागला. मी हाक मारली आणि पिठलं निवायच्या आत आप्पा दारात होते. वडगावहून टेम्पोला त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ लागतो. म्हणजे मी हाक मारायच्या बऱ्याच आधी ते तिथून उठले होते. "म्हणजे तुझ्या हाकेनं काही झालेलं नाही," तो म्हणाला. आधी कारण, मग परिणाम, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. मला जरा बरंच वाटलं. शब्दाचं कोडं राहिलं, पण निदान मंत्राचं सुटलं असं म्हणून मी तो विषय सोडला.

परवा-परवापर्यंत हे असंच होतं. आता आप्पा जास्त करून पडूनच असतात. एका दुपारी मी त्यांना वरण-भात भरवत होते. ऊन खिडकीतून त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं, चेहरा शांत होता. मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, "भिंगऱ्या..."

त्यांनी मान वळवली. मला वाटलं चिडतील, नाहीतर रडतील. पण ते हसले. "असं न्हाई म्हनत ती," म्हणाले. आणि त्यांनी म्हणून दाखवलं — पहिलं अक्षर अगदी आत ठेवून, शेवट लांबवत, पार बांधाच्या पलीकडं पोचेल असा. मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. असे आम्ही बाप-लेक बराच वेळ ती हाक शिकत बसलो होतो, भात तसाच वाटीत.

मग मी विचारलं, "आप्पा, त्या दिवशी वडगावात तुम्हाला हाक मारली ती मीच ना?"

"तू कशाला?" ते म्हणाले. "आईनं मारली. तू तर आत भाकरी थापत होतीस."