रविवारचं ऊन

आम्हा दक्षिणेकडच्या श्वाबियन लोकांना अख्खा जर्मनी चिक्कू म्हणतो. पण आमच्या गावातली वाल्बुर्गा, म्हणजे आमची बुर्गल, इतकी काटकसरी की तिच्यापुढे आम्ही बाकीचे उधळेच ठरू. भेटवस्तूवरचा कागद ती इस्त्री करून पुन्हा वापरते. ती आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हापासून चर्चमध्येही एका बाकावर बसतो. त्यामुळे तिच्याबद्दल वाट्टेल ते बोलायचा हक्क माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

नवरा गेला आणि पाठोपाठ घर तापवणारा तेलावरचा जुना बॉयलरही गेला, तेव्हा तिचा मुलगा एबरहार्ट श्टुटगार्टहून आला. एक तर तिकडे माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला ये, नाही तर हे घर नीट करून घेऊ, असं त्याने बजावलं. बुर्गलने घर निवडलं. मग छपरावर सौर पॅनेल चढली, तळघरात बॅटरी आली आणि घराच्या मागे हीट पंप बसला. बाहेरच्या गारठ्यातूनसुद्धा ऊब ओढून घरात आणणारी ती पेटी बघून बुर्गल खूश झाली, कारण फुकट हवेतून काहीतरी काढून घेणं हे तिच्या स्वभावालाच धरून होतं. बॅटरी मात्र तिने हट्टाने सगळ्यात लहान घेतली. एकट्या बाईला मोठी कशाला, हे तिचं म्हणणं. हे शहाणपण पुढे तिच्याच अंगाशी आलं.

स्वयंपाकघरात भिंतीवर टीव्हीसारखा एक छोटा पडदा बसवला होता. छपरावर किती वीज झाली, घराने किती खाल्ली, सगळं त्यावर दिसायचं. बॅटरी भरली की उरलेली वीज तारांतून बाहेर जायची आणि पडद्यावरचा बाण बाहेर वळायचा. त्याबद्दल वीज कंपनी द्यायची ते चणे-फुटाणे. तो बाण दिसला की बुर्गल ताडकन उठायची. मग ती हीट पंपाला टाकीभर पाणी तापवायला लावायची, इस्त्री काढायची, ओव्हनमध्ये केक सारायची. आम्हा शेजाऱ्यांना ऊन पडलं की केक मिळायचा. माझी तक्रार नव्हती.

मग आला यंदाचा मार्च. सोमवार ते शनिवार आभाळ गच्च, आणि रविवार उजाडला की लख्ख ऊन. आता, आमच्याकडे शनिवारी घरापुढचा रस्ता झाडायचा आणि रविवारी हात बांधून बसायचं, ही रीत. रविवारी गवत कापायचं नाही. रिकामी बाटलीसुद्धा काचकचऱ्याच्या पेटीत टाकायची नाही, खळ्ळकन आवाज होतो. आणि रविवारी कपडे धुणाऱ्या बाईला तर गाव नावं ठेवतं. माझ्या सासूची एक जाऊ होती, तिने उभ्या आयुष्यात एकदाच रविवारी दोरीवर टॉवेल टाकला, तर मेल्यावरही लोक तिला टॉवेलवाली म्हणत.

त्याच मार्चमध्ये बुर्गल चर्चला यायची बंद झाली. पहिल्यांदा म्हणाली खोकला आहे, मग म्हणाली गुडघा. तिसऱ्या रविवारी मला राहवेना. प्रार्थना संपायच्या आतच मी मसुरीच्या सुपाचं भांडं घेऊन तिच्या मागच्या दाराने शिरले. तळघरात कपडे धुण्याचं मशीन घरघरत होतं, ओव्हनमधून खमंग वास येत होता आणि आजारी बाई लालबुंद चेहऱ्याने उशीच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती.

“प्रार्थनेला सगळं गाव चर्चमध्ये असतं, लोरे,” ती म्हणाली. “तेवढ्या वेळात मशीन कुणाला ऐकू येत नाही.”

“आणि देवाला गं?”

“उपासाच्या दिवसांत मांस देवाला दिसू नये म्हणून आपले म्हातारे ते पिठाच्या पारीत लपवायचे. ती माउलटाशे तू आजही मिटक्या मारत खातेस की. त्यांनी पारीत लपवलं, मी तळघरात लपवते.”

मी हसून हसून खुर्चीत बसले. कुणाला सांगणार नाही अशी शपथ तिने मला घ्यायला लावली, आणि मी ती पाळली.

पण गावाने थोडीच शपथ घेतली होती? पलीकडच्या घरातल्या रोझीनेने एबरहार्टला फोन केला, की तुझी आई खचत चालली आहे, चर्चलाही येत नाही. एबरहार्टला तिच्या घरची वीज श्टुटगार्टमध्ये बसून फोनवर दिसते. त्याने बघितलं, तर दर रविवारी ऐन प्रार्थनेच्या वेळी ओव्हन, इस्त्री, मशीन, सगळं एकदम चालू. इंजिनियर माणूस. त्याने ठरवून टाकलं, की आईला विसरायला होतं, सगळं चालू ठेवून ती पडून राहते.

पुढच्या रविवारी चर्चमधून बाहेर पडले तर बुर्गलच्या दारात त्याची गाडी. मी धावतच आत गेले. टेबलापाशी दोन रिकाम्या बॅगा होत्या. त्याच्या शेजारचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याने येत्या सोमवारपासून भाड्याने घेऊन ठेवला होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलत होता.

“आई, एक दिवस घराला आग लागेल गं. मला रात्री झोप येत नाही. लोरे मावशी, तुम्ही तरी समजवा हिला.”

बुर्गल टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. मी टेबलाखालून तिला लाथ मारली, तर तिने माझ्यावरच डोळे वटारले. तोंड उघडलं तर अब्रू जाणार, मिटलं तर घर. आणि ही बया अब्रूच्या बाजूने झुकत होती! रविवारी धुणारी म्हणवून घेण्यापेक्षा वेडी म्हणवून घेणं तिला परवडत होतं. मला रडूच यायला लागलं. तिच्याशिवाय त्या बाकावर मी कुणाशेजारी बसणार?

तेवढ्यात पडद्यावरचा बाण बाहेर वळला. तिने तो पाहिला, मग त्या बॅगांकडे पाहिलं. उठली, तळघरात गेली आणि ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन वर आली. तशीच पुढच्या दाराने अंगणात गेली आणि रस्त्यासमोरच्या दोरीवर पहिली चादर टाकली. चर्चमधून परतणारं गाव जागच्या जागी थबकलं. रोझीनेचा तर आ वासलेलाच राहिला.

“मी आजारी नाही,” बुर्गल मोठ्याने म्हणाली. “वेडी पण नाही. मी रविवारी कपडे धुते. महिनाभर धुतेय. ऊन रविवारीच पडतं, त्याला मी काय करू?”

 गावातल्या निम्म्या छपरांवर पॅनेल आहेत, आणि त्या छपरांखालची बरीच माणसं आपापले बूट न्याहाळू लागली. शेवटी गर्दीतून आमच्या चर्चच्या पाद्रीबाईच बोलल्या.

“वाल्बुर्गाबाई, पुढच्या रविवारी आधी चर्चला या आणि मग धुवा. ऊन दुपारपर्यंत असतं.”

गर्दी पांगली. एबरहार्ट पायरीवर उभा होता, कान लाल झालेले.

“पण आई, तिकडे तुला यातलं काहीच बघावं लागणार नाही. सगळं आपोआप होतं.”

बुर्गलने मोठी चादर उचलली. ओली, जड. तिचं एक टोक तिने त्याच्या हातात दिलं.

“चौथ्या मजल्यावर माझं छप्पर कुठलं रे?” ती म्हणाली.

त्याने वर पॅनेलांकडे बघितलं, आणि हातातलं टोक घट्ट धरून तो चादर ताणू लागला.