दाराआडचा मंत्र

माणसं देवाभोवती जमली की किस्से आपोआप साठतात. देवापुढे माणूस फार गंभीर चेहऱ्याने बसतो ना, म्हणून! आमच्या शहापूरच्या अष्टमीच्या बैठकीचे असे पुष्कळ किस्से माझ्याजवळ आहेत. हसण्यासारखे थोडे. उरलेले सांगताना माझी मान अजून खाली जाते. तरी सांगतो.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीची आठ-दहा वर्षं आणि लढाईची काही, एवढा काळ धरा. दर महिन्याच्या वद्य अष्टमीला तात्याशास्त्र्यांकडे सकाळी देवीची पूजा व्हायची. यंत्र, न्यास, बीजमंत्र, सगळं साग्रसंगीत. चार पिढ्यांची तांत्रिक उपासना होती त्यांच्या घरात. जेवणं झाली की पडवीत अर्थाची बैठक. ऐकणारे आम्ही तिघं: मी, मुरबाडहून बैलगाडीने येणारे नानावैद्य आणि किन्हवलीचे भिकू पाटील. पाटील अंगठेबहाद्दर, पण प्रश्न विचारण्यात आम्हा दोघांच्या पुढे!

चौथं माणूस दाराआड असे. तात्यांची थोरली बहीण, आक्का. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, त्या केस उतरवून, आलवण नेसून कायमच्या स्वयंपाकघरात राहिल्या. पूजेच्या खोलीत त्यांना मज्जाव. देवीचा नैवेद्य मात्र त्यांच्याच हातचा!

*

एका बैठकीत कालीच्या मुंडमाळेचा विषय निघाला.

"तात्या," पाटील म्हणाले, "एवढी मुंडकी गळ्यात घालून ती उभी. तिला भार नाय होत?"

तात्या हसले. "अरे, ती खरी मुंडकी नव्हेत. पन्नास मुंडकी म्हणजे पन्नास अक्षरं. सगळी भाषा तिच्या गळ्यात आहे. अक्षरापासून मंत्र, मंत्रापासून जग."

पाटलांनी बराच विचार केला. "म्हंजे ज्याला अक्षर येत नाय, त्याचं मुंडकं वाचलं!"

आम्ही पोट धरून हसलो. दाराआडूनही हसल्याचा आवाज आला. तात्यांनी नुसतं तिकडे बघितलं, तसा तो बंद झाला.

*

पाटलांची आई आजारी पडली. नाना औषधाबरोबर मृत्युंजयाचा जप करीत. नानांची ती पद्धतच होती, पुडी आणि मंत्र एकत्र.

अष्टमीला पाटलांनी त्याचा अर्थ विचारला. तात्यांनी सांगितला. काकडी पिकली की देठापासून सहज सुटते, तसं मला मृत्यूच्या बंधनातून सोडव.

पाटलांचा चेहरा उतरला. "आमी काकडी लावतो, तात्या. देठापासून सुटली म्हंजे ती येलाची ऱ्हायली नाय. नाना, तुमी आयेला बरी करताय का सोडवताय?"

चौथ्या दिवशी म्हातारी गेली.

पुढच्या अष्टमीला पाटील आले, नेहमीच्या जागी बसले. म्हणाले, "नाना, मंतर लागू पडला हां."

बोलण्यात राग नव्हता. तेच वाईट होतं. त्या दिवसापासून नानांनी रोग्याला मंत्राचा अर्थ सांगणं सोडलं. म्हणत, "औषध कशाचं आहे, हे कुठे सांगतो मी?"

*

नवरात्रातली गोष्ट. तात्या कवच म्हणत होते. रोजचं पाठ, पण त्या दिवशी मध्येच अडले. मागची ओळ दोनदा म्हणून पाहिली, तरी पुढचं आठवेना. फुलं हातात तशीच. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

आणि दाराआडून, अगदी हलक्या आवाजात, पुढची ओळ आली. स्वच्छ, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

तात्यांनी ती घेतली, पाठ पुरा केला. आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं. पण विधवेच्या तोंडचा मंत्र उचलला म्हणून तात्यांनी दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचा कडक उपास केला. आक्कांनाही करायला लावला.

संध्याकाळी मी सहज डोकावलो, तेव्हा आक्का चुलीपाशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मास्तर, उपास दोघांचा झाला. पाप कुणाचं, ते ठरलं का?"

*

मग दहा महाविद्यांवरची बैठक. तात्या एकेक देवी समजावून सांगत होते. सातवी धूमावती. विधवा. भुकेली, मळकं वस्त्र, अंगावर दागिना नाही, ध्वजावर कावळा, हातात सूप.

"आन् तिला पूजतात?" पाटलांनी विचारलं.

"पूजतात तर! सगळं गेल्यावर जे उरतं, ते तिचं रूप. सूप म्हणजे विवेक. फोल उडतं, दाणा राहतो. तंत्राचा मोठेपणाच हा की त्यात काही अमंगल नाही. बाईला मंत्राचा अधिकारसुद्धा आहे त्यात!"

तात्यांचं बोलणं रंगलं होतं. आणि मागच्या अंगणात आक्का तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज पडवीत येत होता. नानांनी पानाचा डबा उघडला. मी पंचा नीट केला.

पाटील भाबडेपणाने म्हणाले, "मग आक्कांना बोलवा की आत!"

"देवी वेगळी," तात्या म्हणाले, "आणि आक्का वेगळी. प्रतीक समजायचं असतं, भिकू. घरात आणायचं नसतं."

मी शिकलेला माणूस. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही.

*

माझा एवढाच गुन्हा असता तर बरं झालं असतं.

एकदा तात्या कल्याणला गेले होते, हे ठाऊक नसल्याने मी पोथी परत करायला गेलो. आक्का दाराबाहेर आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच समोरासमोर पाहत होतो.

"मास्तर, मला सगळं पाठ आहे. पण अर्थ बैठकीत तुकड्या-तुकड्यांनी ऐकू येतो. भांडी वाजतात, मध्ये कुणी हाक मारतं. मूळमंत्राचा अर्थ तर बाळ तुमच्यापुढेही मोठ्याने बोलत नाही. तुम्हाला संस्कृत येतं. सांगाल?"

बाळ म्हणजे तात्या.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी सांगतो." त्या महिन्यात आमच्या शाळेत तपासणीला दिपोटीसाहेब यायचे होते. गावात बोभाटा झाला तर नोकरीवर येईल, ही भीती. दिपोटी आले, गेले, शेरा उत्तम मिळाला. पुढची वेळ मी येऊ दिली नाही. भ्याडपणा झाला, दुसरा शब्द नाही.

*

लढाईच्या ऐन दिवसांत आक्कांना हिवतापाने धरलं. त्यावरचं कोयनेल, म्हणजे क्विनाईन, कुठे मिळेना. आक्का आठव्या दिवशी तात्यांना म्हणाल्या, "मला मंत्र दे."

मंत्र पाठ असून भागत नाही. गुरूने उजव्या कानात, दुसऱ्या कुणाला ऐकू न जाता दिला तरच तो जिवंत. नाहीतर नुसती अक्षरं. आक्कांना ती अक्षरं घेऊन मरायचं नव्हतं.

तात्यांनी पंचांग काढलं. पहिला मुहूर्त निघाला, तो विचार करण्यात गेला. दुसरा गेला. पाटील किन्हवलीहून येऊन ओट्यावर बसले, म्हणाले, "द्या हो तात्या. मरताना कुणी इटाळ बघतं काय?" तात्यांनी तिसरा मुहूर्त धरला, वद्य अष्टमीचा.

तेवढ्यात नानांनी कुठूनसं कोयनेल पैदा केलं आणि जबर मात्रेने दिलं. ताप उतरला. पण त्या मात्रेने आक्कांच्या कानांत दडे बसले ते बसलेच.

अष्टमीला सकाळी आम्ही तिघं दाराशी उभे. तात्या सोवळं नेसून खाटेपाशी बसले, आक्कांच्या कानाशी वाकले आणि मंत्र कुजबुजले.

"काय म्हणतोस?" आक्का म्हणाल्या.

तात्यांनी पुन्हा सांगितला.

"ऐकू येत नाही रे."

तात्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही बाहेर जायला निघालो, पण तेवढ्याने काय होणार होतं? तात्यांनी डोळे मिटले आणि ओरडून मंत्र म्हटला. एकदा, दोनदा, तीनदा. चार पिढ्या ज्याचा उच्चार म्हणे भिंतीनेही ऐकला नव्हता, तो आम्ही ऐकला, नानांच्या गाडीवाल्याने ऐकला. शेजारच्या विहिरीवर बायका पाणी काढायच्या थांबल्या.

आक्कांनी मान हलवली. "हा होय? हा मला चाळीस वर्षं येतो. आता अर्थ सांग."

तात्यांनी तोंड उघडलं. इतकी वर्षं आम्हाला अर्थ सांगणारा माणूस, त्याला शब्द फुटेना. मग ते खाली सरकले, आक्कांच्या पायांवर डोकं टेकलं आणि तसेच राहिले.

आक्कांना त्यांची नुसती पाठ दिसत होती, तोंड नाही. तो सांगतो आहे, असंच त्यांना वाटलं.

"मोठ्याने बोल ना रे बाळ," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."