लग्नातली भाषणं आणि विस्कटलेला चेहरा

आमच्या घरात कागदावर कोरी जागा सोडलेली चालत नसे. वडील पत्रकं काढायचे. पाण्याचा प्रश्न, पगारवाढ, हुंडाबंदी, सभेची वेळ, सगळं एकाच कागदावर, पाठपोट, समासालाही जागा न ठेवता. मी वाचायला शिकले ती ह्याच पत्रकांवर. त्यामुळे आत्याच्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर उतरवायला घेतली, तेव्हा चार तासांचं लग्न मी एकाच डिस्कवर बसवलं. बसलं, म्हणून खूशही झाले.

लग्न चार तासांचं होतं, कारण भटजी नव्हते, वक्ते होते. बरकतपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही भाषांत भाषणं झाली आणि शेवटी नवरा-नवरीनं सह्या केल्या. तो नवरा, म्हणजे माझे काका, गेल्या वर्षी वारले. आत्याकडे त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. तिला ते चालता-फिरताना बघायचे होते, आणि तसं चित्रण फक्त ह्या कॅसेटवर होतं. मोबाइलच्या पडद्यावर तिला नीट दिसत नाही. घरात मोठा टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे.

नल्लकुंट्याला तिच्या घरी डिस्क लावली. माइकसमोरचे वक्ते बरे दिसत होते. मग काका हॉलमधून चालत आले आणि त्यांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

"हे काय गं? ह्याची बुंदी कैकू केलीस?"

"काका हातात काय नेतायत?"

"खुर्च्या. लोक जास्त आले होते."

"स्वतःच्या लग्नात?"

"मग काय वक्ते उचलणार?"

आधी मी प्लेअरला दोष दिला. त्याच्या आतलं भिंग पुसलं. फरक पडला नाही. कोठीच्या बाजारातून दुसऱ्या कंपनीच्या डिस्क आणल्या, तेच. मग उसन्या आणलेल्या व्हीसीआरवर मूळ कॅसेट पुन्हा लावली. रंग उडाले होते, पण चेहरा शाबूत होता. लॅपटॉपवरच्या फाइलमध्येही शाबूत होता. म्हणजे बिघाड डिस्क बनवताना होत होता. सॉफ्टवेअरमध्ये 'सर्व एका डिस्कवर बसवा' ह्या चौकटीत बरोबरची खूण होती. ती मीच केली होती.

चित्रण जितकं लांब, तितकं ते दाबून बसवावं लागतं. एका जागी उभ्या माणसाला थोड्या जागेत भागतं, हलणाऱ्याला जास्त लागते. जागा अपुरी पडली की हलणाराच आधी विस्कटतो. चार तास बोलणारे स्वच्छ आणि खुर्च्या वाहणारा चौकोनी! ह्यावर एक पत्रक काढावं असं मला खरंच वाटलं.

आत्याला मी फोन केला. ती म्हणाली, "भाषणं काप की मग."

"कुणाचंही भाषण मी कापणार नाही."

"मी लग्नातसुद्धा ऐकली नाहीत ती."

"तरीही नाही."

"बापावर गेलीस. त्याचंच सगळ्यात लांब होतं."

मी खूण काढली आणि चार डिस्क केल्या, एकीवर एक तास. समास सोडायला मी असं शिकले.

पुढच्या रविवारी दुपारी दुसरी डिस्क लावली. काका दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन दारातून आले, कुणाला तरी तेलुगूत काही म्हणाले, हसले. भुवया, चष्मा, शर्टाची दुमडलेली बाही, सगळं दिसत होतं. तिला चेहरा नीट बघता यावा म्हणून मी चित्र थांबवलं.

"नक्को, थांबवू नको," आत्या म्हणाली. "थांबलेला भिंतीवर आहे."

मी पुन्हा चालू केलं. काकांनी खुर्च्या मांडल्या आणि आणखी आणायला बाहेर गेले. मागे वडिलांचं भाषण चालूच होतं. आत्या पडद्यावरच्या दाराकडे बघत बसली, ते परत येईपर्यंत.