आधी तारीख, मग बात

आमच्या कंपनीतल्या पेटंट विभागाच्या शेखसाहेबांना कुणी लोणच्याची बरणी दिली, तरी ते आधी झाकणावर तारीख टाकत आणि मग वास घेत. सगळी कंपनी त्यांना तारीखसाहेब म्हणायची. माणूस देवगाव रंगारीचा. बोलण्यात निम्मी मराठी, निम्मी दखनी.

विभाग म्हणजे कॅन्टीनशेजारची खोली, एक टेबल आणि एक जाड रजिस्टर. कुणाला काही सुचलं की तो तिथं धावायचा. त्यानं तोंड उघडण्याआधी साहेब रजिस्टर पुढं सरकवत. "आधी तारीख, मग बात." मग नाव, सही आणि कल्पना, स्वतःच्या हातानं. चित्र वाकडं आलं तरी चालायचं, खाडाखोड चालत नसे. "खोडायचं नाय, बेटा. चुकलं तर खाली नवी तारीख टाक अन् पुन्हा लिही."

त्यातल्या निवडक कल्पनांसाठी कंपनी अर्ज करायची. पेटंट कंपनीचं, पण शोधक म्हणून नाव कामगाराचं. शिवाय बक्षीस, आणि कॅन्टीनच्या भिंतीवर नावाची पितळी पट्टी. त्या पट्टीसाठी मी काहीही केलं असतं. आयटीआय करून टूलरूममध्ये लागलेला मी. माझं नाव तोवर फक्त हजेरीपटावर होतं.

मी एक क्लिप बनवली. आमच्याकडं बनणाऱ्या विजेच्या पॅनलमधली वायर पत्र्याच्या कडेला घासून तुटायची, ते तिनं थांबायचं. सात-आठ नमुने फेकल्यावर जमली. साहेबांनी माझं पान वाचलं आणि रजिस्टर मागं मागं चाळत गेले. चार महिन्यांपूर्वी असेंब्ली लाइनवरच्या सुनंदाताईंनी लिहिलं होतं: त्या कडेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा अडकवला, तर वायर घासत नाही. तो तुकडा मी पाहिला होता. तिथूनच मला सुचलं, हे मी आजही नाकारत नाही.

"नावं दोन जातील," साहेब म्हणाले. "तिचं पहिलं."

"तिनं नुसती ट्यूब अडकवली, साहेब! क्लिप माझी हाय."

"व्हय. पर ट्यूब नसती, तर क्लिप कुठून सुचली असती?"

मी घासाघीस सुरू केली. सगळं बक्षीस तिला द्या, नाव माझं एकट्याचं ठेवा. बरं, नावं दोन, पण पहिलं माझं. साहेब चहा पीत ऐकत राहिले. "झालं बोलून? आता दोन्ही तारखा बघ." मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. रजिस्टर त्यांनी आधीच उचललं होतं.

पट्टीवर माझं नाव दुसरं लागलं. रोज जेवताना समोर तेच. वर्षभरात मी राजीनामा दिला आणि शेंद्र्याच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. निघताना साहेबांनी एक कोरं रजिस्टर हातात ठेवलं. "गुस्सा बी यात लिही. तारीख टाकून." मी खरंच लिहिला, पहिल्याच पानावर: शेखसाहेबांनी माझ्यावर अन्याय केला.

त्याच रजिस्टरमध्ये आता माझी माणसं लिहितात. गेल्या वर्षी आमच्या पहिल्या पेटंटचा अर्ज भरताना शोधक म्हणून मी माझं एकट्याचं नाव सांगितलं. आमचा ऑपरेटर संतोष उठला. त्यानं रजिस्टर आणलं आणि त्याच कल्पनेचं स्वतःचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. माझ्या पानाच्या नऊ दिवस आधीचं. मी त्याच्यावर भरपूर ओरडलो. मग त्याचं नाव पहिलं घातलं.

हे साहेबांना सांगायचं होतं. पण आधी आपण गेलो तर आपला भाव पडतो, या हिशेबानं थांबलो. मागच्या महिन्यात ते गेले.

देवगावला मयतीला सुनंदाताई भेटल्या. "भाऊ, राग गेला का?"

"नाय," मी म्हणालो.

त्या हसल्या आणि डोळे पुसले.

परत येऊन रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. खोडायचं नाय, हे पक्कं ठाऊक होतं. खाली नवी तारीख टाकली. अजून तेवढंच लिहून झालंय.