पंखा बंद ठेवलेली खोली

वसुधा गेल्याचं मला मारुंजीत, लेकीच्या घरी कळलं. सकाळीच आमच्या चिखलीच्या गल्लीतल्या दत्ताभाऊंचा फोन आला. "बाई, वसूताई दार उघडंनात... तुम्ही या बरं लवकर." मी चिखलीला पोहोचले तेव्हा दार उघडलेलं होतं आणि सगळं संपलेलं होतं. झोपेतच गेली. खोलीत माणसं दाटलेली, घामाच्या धारा. कुणीतरी पंख्याच्या बटणाकडे हात नेला आणि मी ओरडलेच, "पंखा नको!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मैत्रीण समोर अशी पडलेली आणि हिला पंख्याचं काय सुचतंय, असंच वाटलं असणार त्यांना. पण टेबलावर तिचं शेवटचं चित्र आडवं पडलं होतं, आणि ते अजून भाजायचं होतं.

वसुधाचं बालपण अंदमानात गेलं. वडील दीपगृहावर नोकरीला. केवड्याची बनं, खारफुटीची मुळं, शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, हेच ती जन्मभर काढत राहिली. कॅनव्हासवर तिला हवा तो हिरवा कधी मिळाला नाही. तो मिळाला आमच्या गल्लीत, समोरच्या दत्ताभाऊंच्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये. मशीनच्या झाकणांना मारून उरलेली रंगीत पावडर ती मागून आणायची, मलमलीतून पत्र्यावर चाळायची आणि कोरड्या ब्रशने त्यात झाडं-पाणी काढायची. भट्टीत जाईपर्यंत ही पावडर नुसती बसलेली असते. एक शिंक आली की बेट उडालं! म्हणून भर मे महिन्यातही पंखा बंद, खिडक्या बंद. चहाला गेले की मी वैतागायचे, "तुझ्या बेटावर वारा नव्हता का गं?" "होता की. पण तिथली झाडं पक्की होती," ती म्हणायची.

चित्र झालं की पत्र्याचं एक टोक ती धरायची, दुसरं मी. गल्ली ओलांडेपर्यंत बोलायचं नाही. दोन म्हाताऱ्या श्वास रोखून ताट नेल्यासारखा पत्रा नेताहेत, हे बघायला टेम्पोवालेसुद्धा थांबायचे. एक मात्र थांबला नाही. त्याने उडवलेली माती तिच्या किनाऱ्यावर बसली, तर बाईसाहेबांनी ती तशीच भाजून घेतली. भट्टीतून मळकट पावडर वितळून झळझळीत होऊन बाहेर आली की ती वाकून बघायची आणि म्हणायची, "हं..." बस्स, एवढंच.

ती परत अंदमानला कधी गेली नाही. एकदा मी विचारलं. "तिथं आता मला ओळखणारं कोण आहे? इथं निदान तू आहेस," असं म्हणून तिने चाळणी उचलली. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज या गल्लीत मला ओळखणारे पुष्कळ आहेत, सगळे 'बाई' म्हणतात. 'ए शारदे' म्हणणारं कुणी उरलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर तिची भाची खोली रिकामी करायला आली. गुणी मुलगी, कामाला वाघ. "काकू, यावर किती धूळ बसलीय," म्हणत ओलं फडकं घेऊन ती टेबलाकडे निघाली. मी तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि तिथेच बसून रडले. इतके दिवस रडले नव्हते.

मग दत्ताभाऊंना बोलावलं. वसुधाचं टोक त्यांनी धरलं. न सांगताच गप्प राहिले. शेडच्या दारात मात्र थांबले. "बाई, ह्यो कोपरा कोराच राह्यला. निळं भुरभुरू का जरासं?"

"नको," मी म्हटलं. "तो तिचा आहे."

भट्टी उघडली. हिरवा असा उजळला होता की बघवेना. मी वाट बघत उभी राहिले... कशाची, ते माझं मलाच उशिरा कळलं. "झालं बघा पक्कं," दत्ताभाऊ म्हणाले. "आता काई होत न्हाई त्याला."

तो पत्रा आता माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. पुसला तरी चालतो, घासला तरी रंग जाणार नाही. परवा लेक आली, पदराने वारा घेत म्हणाली, "आई, पंखा लाव ना गं." मी उठले, बटणापर्यंत गेले, आणि पंखा न लावता उलट खिडकीही बंद करून परत आले.