मुकादमाची हिरवी मर्सिडीज

लुडगर पास्तुश्काबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी बसलोय. नीट जमेल असं वाटत नाही.

आमच्या गेल्सनकिर्खेनमध्ये, जर्मनीतल्या या कोळशाच्या गावात, कुणाला स्वस्तात चांगली जुनी गाडी हवी असली की तो लुडगरला गाठायचा. लुडगर विक्रीच्या जाहिराती वाचत नसे. शनिवारच्या पेपरातल्या निधनाच्या चौकटी वाचायचा. वय ऐंशीच्या पुढे, मागे बायको, घर स्वतःचं. म्हणजे गॅरेज आलं, म्हणजे गाडीने पाऊस पाहिलेला नाही. मग काळा कोट चढवून हा दफनाला हजर. नंतर कॉफी आणि केक असतो, तिथे विधवेशेजारची खुर्ची पकडायचा.

"फार भला माणूस होता हो. आणि गाडी? ती कोण चालवणार आता?"

केकचा दुसरा तुकडा संपेपर्यंत सौदा ठरलेला असे. माझी ओपेल त्यानेच अशी मिळवून दिली. मागच्या काचेपाशी मेलेल्या माणसाची टोपी तशीच होती.

स्वतः मात्र तो सायकलवर फिरायचा. त्याला एकच गाडी हवी होती, आमच्याच गल्लीतल्या अल्बर्डिंगची हिरवी मर्सिडीज, चौऱ्याऐंशी सालची. अल्बर्डिंग कोळशाच्या खाणीत मुकादम होता आणि सगळे त्याला मुकादमच म्हणत. बायको गेलेली, मूलबाळ नाही, छातीत खाणीची धूळ. गाडी रविवारी चर्चपर्यंत जायची आणि परत आली की पुसली जायची. लुडगरने एकदा विचारलं तेव्हा मुकादम म्हणाला, "मी मेल्यावर बघू." लुडगरने ते वचन धरलं.

नऊ वर्षं त्याने मुकादमाची सेवा केली. सकाळी ताजे पाव नेऊन द्यायचे, हिवाळ्यात दारातला बर्फ ओढायचा.

"आज छाती कशी आहे, मुकादम?"

"तुझ्या सोयीची नाही. बरी आहे."

असं म्हणून म्हातारा खो खो हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि लुडगर कान देऊन ऐकायचा.

दोन हजार आठच्या नाताळात मुकादम न्यूमोनियाने इस्पितळात गेला. डॉक्टरांनीही आशा सोडली होती. फुलझाडांना पाणी घालायला किल्ल्या लुडगरकडे दिल्या होत्या. आमच्याकडे गाडीच्या नंबरात स्वतःची आद्याक्षरं आधीच राखून ठेवता येतात. लुडगरने ती राखली. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने एल आणि पी अक्षरांच्या नंबरपाट्या ठोकून घेतल्या आणि गाडीजवळच बऱ्या म्हणून मुकादमाच्या गॅरेजमध्ये फळीमागे ठेवून दिल्या.

मुकादम फेब्रुवारीत स्वतःच्या पायांनी घरी आला. आधी गॅरेज उघडलं. फळीमागच्या पाट्या काढून पाहिल्या आणि परत तिथेच ठेवल्या.

त्या वर्षी सरकारने नवीन योजना काढली होती. जुनी गाडी भंगारात घाला, नवी घ्या, वर बक्षीस मिळवा. मार्चमधल्या एका सकाळी मुकादमाने लुडगरला आणि मला बोलावलं.

"लुडगर, मर्सिडीज तू चालव. तुझं ऐकेल ती. हा आपल्याला परत आणायला मागून येईल."

"कुठे जायचंय?"

"भंगारात."

लुडगर हसला. म्हातारा चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. मग मुकादमाने नव्या गाडीचा कागद दाखवला.

"मुकादम, सरकार देतंय त्याच्या दुप्पट मी देतो."

"माहीत आहे."

"तिला गंजाचा ठिपका नाही हो!"

"तेही माहीत आहे. चल."

तो का गेला, मला अजून कळलेलं नाही. बहुधा एकदा तरी चालवायला मिळेल म्हणून. मी ओपेलमधून मागे होतो. वळणावर कुणी नसतानाही तो दिवा लावायचा, इतका जपून चालवत होता.

भंगारवाल्याने जुन्या पाट्या काढून मुकादमाच्या हातात दिल्या. मुकादमाने पिशवीतून एल-पीच्या पाट्या काढल्या.

"लाव."

"नका ना, मुकादम."

"अरे, राखून ठेवलेला नंबर वाया का घालवायचा? लाव. मी मेल्यावर लावणार होतास, आता माझ्यासमोर लाव."

लुडगरने गुडघ्यावर बसून दोन्ही पाट्या लावल्या. मग बाहीने पुसल्या. वरून लोखंडी पंजा आला आणि छतात घुसला. मुकादम बाजूच्या टायरवर बसला, लुडगरनेच सकाळी आणलेला पाव खिशातून काढला आणि सावकाश खाल्ला.



दुसऱ्या दिवशी लुडगर पाव घेऊन जाणार नाही असं मी बायकोला म्हणालो. तो गेला. दारात मुकादमाची लाल, चिमुकली, नवी कोरी गाडी उभी होती. लुडगर तिच्याकडे न बघता पिशवी दाराला अडकवून वळला.

खिडकीतून मुकादम ओरडला, "बघून घे नीट! हीसुद्धा जुनी होईल. थांबायची सवय आहेच तुला."